‘कन्व्हर्जन’ला मराठीत काय म्हणावं? (आणि रीच, इम्प्रेशन, बाउन्स, फनेल वगैरे)

आडवाटसर:
डिजिटल मार्केटिंगच्या अहवालांत ‘कन्व्हर्जन’ला (जाहिरातीवरून आलेल्याने चौकशी किंवा खरेदी करणं) ‘रूपांतरण’, ‘रीच’ला (जाहिरात किती वेगवेगळ्या लोकांना दाखवली) ‘पोहोच’ आणि ‘एंगेजमेंट’ला (लोकांचे लाइक, शेअर, टिप्पण्या) ‘प्रतिबद्धता’ असं सर्रास छापलेलं दिसतं. वाचणाऱ्याला त्यातून काही बोध होत नाही. अहवाल मालकापासून हिशेबनिसापर्यंत सगळे वाचतात, तेव्हा बोलीतले शब्द सुचवा.

तिरकीरेघ:
‘रूपांतरण’ बाद. रूप कशाचं बदललं? पाहुण्याचं गिऱ्हाईक झालं असं म्हणायचं असावं, पण चौकशीचा फॉर्म भरणारा अजून गिऱ्हाईक झालेलाच नसतो. ‘फलप्राप्ती’ चालेल का?

मोजपट्टी:
आधी काय मोजलं जातं ते पाहू. समजा जाहिरात ४०,००० वेळा दाखवली गेली, १०,००० वेगवेगळ्या लोकांना. क्लिक ६००. पान उघडल्याची नोंद, म्हणजे भेटी, ४८०. चौकशीचे फॉर्म २४, ऑर्डरी ६. आता ‘कन्व्हर्जन रेट’ किती? २४ भागिले ४८० केलं तर ५ टक्के, २४ भागिले ६०० केलं तर ४ टक्के, ६ भागिले ६०० केलं तर १ टक्का. तिन्ही गणितं बरोबर, आणि तिन्ही एकाच नावाखाली लिहिली जातात. जाहिरात एजन्सी ५ सांगते, मालक १ मोजतो आणि तिथून वादाला तोंड फुटतं.

म्हणून एकच भारदस्त शब्द शोधूच नये असं माझं मत. ‘भेटीमागे चौकशी’, ‘क्लिकमागे चौकशी’, ‘चौकशीमागे ऑर्डर’ असं लिहावं. मराठीतलं ‘मागे’ भागाकारातला छेद आपसूक सांगतं. ती सोय ‘रेट’मध्ये नाही.

तिरकीरेघ:
पटलं. पण ६०० क्लिकच्या ४८० भेटी कशा झाल्या? १२० गेले कुठे?

मोजपट्टी:
पान जड असलं की ते उघडायच्या आतच लोक मागे फिरतात. काहींचं बोट चुकून लागलेलं असतं. काही जण कुकीची परवानगी नाकारतात, काहींच्या ब्राउझरमध्ये मोजणीचा टॅग, म्हणजे भेट नोंदवणारा कोडचा छोटा तुकडा, अडवलेला असतो. थोडीफार तूट नेहमीचीच, पण ती एकदम वाढली तर आधी पान मोबाइलच्या डेटावर उघडून पाहा. बहुतेक वेळा वरचा मोठा फोटो नडतो. टॅग पानाच्या अगदी तळाशी टाकलेला असेल तर तोही उशिरा चालतो.

उलट, फुगवटाही होतो. टॅग ‘धन्यवाद’च्या पानावर असतो आणि कुणी ते पान पुन्हा लोड केलं की एका ऑर्डरीच्या दोन होतात. टॅगसोबत ऑर्डर क्रमांक पाठवला की दुबार नोंद गळते. गूगल ॲड्समध्ये मोजणीचे दोन पर्याय आहेत: चौकशीसाठी ‘एक’ निवडायचा, विक्रीसाठी ‘प्रत्येक’. जाहिरातीवरच्या एका क्लिकनंतर एकाच माणसाने पाच वेळा फॉर्म भरला तरी चौकशी एकच. त्याने पाच वेळा खरेदी केली तर विक्री मात्र पाच.

खुद्द गूगललाही हा शब्द जड झालाच. मार्च २०२४ मध्ये त्यांच्या ॲनालिटिक्समधल्या (संकेतस्थळाच्या भेटी मोजणाऱ्या साधनातल्या) ‘कन्व्हर्जन’चं नाव बदलून ‘की इव्हेंट’ केलं आणि जुना शब्द जाहिरातींपुरता ठेवला.

पानगळ:
मग ‘की इव्हेंट’ म्हणजे ‘मोलाची कृती’. एकत्रित नाव लागलंच तर हेच वापरावं.

‘रीच’ला मात्र ‘पोहोच’ ठीक आहे, ‘पोच’ नको. ‘पोच’ म्हणजे पावती, शिवाय ‘पोच नसणे’ म्हणजे अक्कल नसणे. ‘जाहिरातीला पोच नाही’ हे कधी कधी खरं असतं, तो भाग वेगळा.

मोजपट्टी:
‘पोहोच’ वापरताना एक चूक टाळा: ती बेरजेत धरू नका. पहिल्या आठवड्यात ६,००० आणि दुसऱ्यात ७,००० म्हणजे १३,००० माणसं नव्हेत, कारण बरीचशी तीच असतात. इम्प्रेशनची, म्हणजे जाहिरात एकूण किती वेळा दाखवली त्या आकड्याची, बेरीज चालते. वरच्या उदाहरणात ४०,००० भागिले १०,००० म्हणजे सरासरी ४ वेळा एकाच माणसाला जाहिरात दाखवली. ही ‘वारंवारता’. ती चढत जाते आणि क्लिकचं प्रमाण घसरतं तेव्हा लोक त्याच चित्राला कंटाळलेले असतात. अशा वेळी खर्च वाढवण्यापेक्षा चित्र बदला.

पानगळ:
इम्प्रेशनसाठी मी ‘दाखवणी’ सुचवते. मराठीत ‘दाखवणे’ आणि ‘दिसणे’ या वेगळ्या क्रिया आहेत आणि इथे तोच फरक हवा. जाहिरात पानाच्या तळाशी लोड झाली आणि वाचक तिथवर गेलाच नाही, तर ती दाखवली पण दिसली नाही. मीडिया रेटिंग कौन्सिल या मोजणीचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेप्रमाणे साधी जाहिरात ‘दिसण्याजोगी’ ठरायला तिचे निम्मे पिक्सेल (चित्राचे ठिपके) सलग किमान १ सेकंद पडद्यावर लागतात, व्हिडिओला २ सेकंद. कुठला आकडा दिलाय हे एजन्सीला विचारावं.

आडवाटसर:
‘दाखवणी’ झकास! आणि ‘बाउन्स रेट’? ‘उसळी दर’ वाचून शेअर बाजार आठवतो.

तिरकीरेघ:
‘आल्या पावली परत’. मराठीत आयता आहे.

मोजपट्टी:
शब्द नेमका आहे, पण व्याख्या बदललीय. जुन्या ॲनालिटिक्समध्ये एकच पान पाहून, दुसरं काही न करता गेलेला प्रत्येक जण ‘बाउन्स’. नव्यात १० सेकंदांहून जास्त थांबला, दोन पानं पाहिली किंवा मोलाची कृती केली, तर ती भेट ‘रमलेली’. उरलेल्या ‘आल्या पावली परत’. त्यामुळे जुनं बंद झालं त्या जुलै २०२३ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका तक्त्यात ठेवू नयेत.

पानगळ:
‘रमलेली भेट’ म्हणजे ‘एंगेज्ड सेशन’चा प्रश्नही सुटला. सोशल मीडियावरच्या एंगेजमेंटला साधं ‘प्रतिसाद’ म्हणा. ‘गुंतवणूक’ नको, तिथे लोक पैसे शोधतील.

तिरकीरेघ:
‘फनेल’ला, म्हणजे दाखवणीपासून ऑर्डरीपर्यंत आकडा घटत जाणाऱ्या टप्प्यांना, ‘नरसाळं’ लिहितात ते मला खटकतं. नरसाळ्यात वरून ओतलेलं सगळं खाली उतरतं, म्हणून तर ते वापरायचं. इथे ४०,००० ओतून ६ खाली येतात. ही उतरंडीनं लावलेली चाळण झाली. ‘चाळणी’ म्हटलं की कुठल्या चाळणीत किती अडकले हा प्रश्नही आपोआप येतो.

मोजपट्टी:
मान्य. आणि दुरुस्ती खालच्या चाळणीपासून करावी. चौकशांना उत्तरच दुसऱ्या दिवशी जात असेल तर वर आणखी ओतून उपयोग नाही.

आडवाटसर:
शेवटचे दोन: ‘लीड’ (गिऱ्हाईक होऊ शकेल असा माणूस) आणि ईमेलचा ‘ओपन रेट’.

पानगळ:
यंत्रभाषांतरात ‘लीड’चं ‘शिसे’ झालेलं पाहून घ्या एकदा. ज्याने आपणहून भाव किंवा माहिती विचारली ती ‘चौकशी’. पुस्तिका उतरवून घेण्यासाठी ज्याने फक्त पत्ता दिला तो ‘संपर्क’. दोन्ही एकाच रकान्यात टाकले की विक्री विभाग म्हणणार, लीड भिकार आहेत.

मोजपट्टी:
‘ओपन रेट’ला ‘उघडल्याचं प्रमाण’ म्हणा, पण त्याखाली टीप टाका. उघडल्याची नोंद ईमेलमध्ये लपवलेल्या एका पिक्सेलच्या चित्रावरून होते. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय आली. ती चालू असली की चित्रं आधीच उतरवून ठेवली जातात, म्हणजे कुणी न उघडताही ईमेल उघडल्याची नोंद होते. निर्णय घ्यायचा तर ‘ईमेलमागे क्लिक’ पाहा.

आडवाटसर:
म्हणजे तिथेही ‘मागे’च. तक्ता त्याच हिशेबाने पुन्हा मांडतो.