वॅगन-आरचा क्लच घरी उतरवावा की गॅरेजला द्यावा?

खडखडाट
वॅगन-आर २०१२, १.० पेट्रोल, ८८,००० किमी. खंबाटकी चढताना चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, वेग मात्र तोच. गॅरेजने क्लच सेट बदलायचे ९,५०० सांगितले, त्यात मजुरी ३,५००. ब्रेक पॅड, सस्पेन्शन बुश घरी बदलता येतात. सॉकेट सेट आणि ट्रॉली जॅक आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शनिवार-रविवारात जमेल का?

पाना_सतरा
सेट घेण्याआधी क्लचची केबल बघा. क्लच प्लेट झिजते तशी पेडलची मोकळी चाल (क्लचवर जोर येण्याआधीची ढिलाई) कमी होत जाते. ती शून्यावर आली की रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या तबकडीच्या) बोटांवर सतत रेलून राहतं आणि प्लेट शिल्लक असूनही क्लच घसरतो. गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपाशी अ‍ॅडजस्टिंग नट आहे. मॅन्युअलमध्ये दिली आहे तेवढी चाल ठेवून पुन्हा चालवून बघा.

तरीही घसरला तर: सपाट मोकळी जागा, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, तिसरा गिअर, थोडा रेस, आणि क्लच सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय, चालूच राहिलं तर संपला. एकदाच करा, जास्त वेळा केलंत तर प्लेट जळेल.

आवाजही ऐका. पेडल दाबल्यावर घरघर आली तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना येते आणि दाबल्यावर थांबते, तर बहुधा इनपुट शाफ्टचं (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. मग गिअरबॉक्स खोलावा लागेल. तसं असेल तर घरचा विचार सोडा.

बेलहाउसिंग
काम अवघड नाही, अवजड आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढा, गिअर ऑइल आधी काढा (नाहीतर अ‍ॅक्सल ओढताच ते अंगावर येतं), मग स्टार्टर, क्लच केबल, गिअर केबली, वायरिंग. अ‍ॅक्सल नटाला हात लावायची गरज नसते. खालचा बॉल जॉइंट सोडवून नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर झुकवा आणि अ‍ॅक्सलचं आतलं टोक टॉमीने (पहारीने) गिअरबॉक्समधून सोडवा. तिथले दोन्ही ऑइल सील नवे टाका.

गिअरबॉक्सचं माउंटिंग काढलं की इंजिनचं ते टोक खाली येतं, म्हणून सम्पखाली (इंजिनच्या तळच्या ऑइलच्या भांड्याखाली) रुंद फळी देऊन आधार हवा. गाडी घोड्यांवरच (लोखंडी स्टँडवर), नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणी जायचं नाही.

बिघडतं ते बसवताना. प्लेट सेंटरिंग टूलशिवाय (ती मधोमध धरणाऱ्या दांडीशिवाय) बसवली की शाफ्ट स्प्लाइनमध्ये (प्लेटच्या मधल्या खाचांमध्ये) जात नाही, आणि लोक बेलहाउसिंगचे (क्लचभोवतीच्या गिअरबॉक्सच्या कवचाचे) बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेतात. अ‍ॅल्युमिनियमचा कान तिथंच तुटतो. दुसरं, अर्धवट बसलेला गिअरबॉक्स शाफ्टवर लोंबकळत ठेवायचा नाही: प्लेटचा हब (मधला भाग) वाकतो, क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना करकर येते. प्लेटची कोणती बाजू गिअरबॉक्सकडे राहायची ते बघून घ्या, उलटी बसली की सगळं परत उतरवायचं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, शेवटी टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने). स्प्लाइनवर ग्रीस बोटाने पुसल्याइतकंच. जास्त झालं तर फिरताना उडून प्लेटच्या लायनिंगवर (घासणाऱ्या अस्तरावर) जातं. रिलीज बेअरिंग पेट्रोल-रॉकेलने धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं.

खडखडाट
फ्लायव्हील (प्लेट ज्यावर दाबली जाते ती इंजिनची जड चकती) लेथवर द्यावंच लागतं का? आणि नुसती प्लेट बदलली तर?

बेलहाउसिंग
नुसती प्लेट नको. पुढे बेअरिंग ओरडलं तर तीच उतरवाउतरव पुन्हा. फ्लायव्हीलवर नख अडेल अशी खाच असेल तर लेथवर द्या, खोल भेगा असतील तर नवं टाका. बेलहाउसिंगमध्ये तेल दिसलं तर कुठलं ते शोधा: इंजिनच्या बाजूने काळं असेल तर क्रँकचा मागचा सील, गिअर ऑइलचा उग्र वास असेल तर इनपुट शाफ्टचा. सील तसाच ठेवून नवी प्लेट टाकणं म्हणजे पैसे तेलात.

चाकोरी
माझं मत: करू नका. हातांबद्दल शंका नाही, जागेबद्दल आहे. चार घोडे, ट्रान्समिशन जॅक, टॉर्क रेंच, सेंटरिंग टूल घेण्यातच ३,५०० जातील. एखादा बोल्ट अडला की सोमवारी गाडी घोड्यांवर आणि सेक्रेटरी दारात. उतार असलेल्या किंवा पेव्हर ब्लॉकच्या पार्किंगमध्ये तर मुळीच नको, घोडा ब्लॉकमध्ये रुततो. स्वतःचं काँक्रीटचं अंगण, एक मदतनीस आणि बाहेर जायला दुसरी गाडी असेल तर जरूर करा.

त्यापेक्षा केबल तुम्हीच तपासा, क्लच सेट (प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग) आणि सील पक्क्या बिलाने स्वतः आणा आणि गिअरबॉक्स खाली आल्यावर गॅरेजमध्ये हजर राहा. फ्लायव्हीलचा फोटो काढा, जुने पार्ट परत मागा, गिअर ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच भरून घ्या. पहिले काही शे किलोमीटर चढावर हाफ क्लचवर गाडी धरू नका आणि त्यानंतर केबलची मोकळी चाल पुन्हा मोजा.