'उत्प्रेरकाचा आधार' की 'उत्प्रेरकधारक'?

प्रश्न
फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज करणाऱ्या इंधनघटावर, मराठीत लेख लिहिते आहे आणि 'कॅटॅलिस्ट सपोर्ट'पाशी अडले आहे. उत्प्रेरक हा शब्द शाळेपासून रुळलेला आहे, पण सपोर्टला काय म्हणावे? सध्या 'उत्प्रेरकाचा आधार' लिहिले आहे, ते मनाला पटत नाही. शिवाय 'कार्बन गंजतो' म्हटले तर चालेल का? आणि न गंजणाऱ्या सपोर्टला 'टिकाऊ' म्हणावे का?

प्रतिसाद
पटत नाही, कारण 'म्हातारपणी मुलाचा आधार' म्हणताना आधार देणारा मुलगा असतो. त्याच चालीवर तुमचा शब्द वाचला, तर उत्प्रेरकच कशाला तरी आधार देतो असे वाटेल. इथे घेणारा तो आहे. प्लॅटिनमचे २ ते ५ नॅनोमीटरचे कण काजळीच्या जातीच्या कार्बनवर बसवतात. हा कार्बन कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो, नाहीतर त्यांचे गोळे होऊन महागड्या धातूचा पृष्ठभाग वाया जाईल. इलेक्ट्रॉनची ये-जाही त्याच्यातूनच होते आणि वायू-पाण्याला वाट त्याच्याच छिद्रांतून मिळते. म्हणून 'टेकू'ही तोकडा पडतो. मी 'उत्प्रेरकधारक' लिहीन.

प्रतिसाद
'धारक' म्हटले की मला खातेधारक, भूधारक अशी माणसेच आठवतात. 'वाहक' कसा वाटतो?

प्रतिसाद
'वाहक' इथे घोटाळा करील. धारक विजेचा वाहकही असावा लागतो, हीच तर खरी अडचण आहे. टायटॅनियम डायऑक्साइड घटातल्या आम्लात उत्तम टिकतो, पण वीज नीट वाहून नेत नाही. म्हणून त्यात नायोबियम हा धातू मिसळून पाहतात. 'हा वाहक चांगला वाहक नाही' असे वाक्य कोण वाचणार?

आता गंजण्याविषयी. लोखंड गंजते तेव्हा तांबूस गंज मागे उरतो. कार्बनचे तसे होत नाही. पाण्याशी अभिक्रिया होऊन त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो उडून जातो, मागे काहीच राहत नाही. ०.२ व्होल्टच्या वर हे घडू शकते, पण एरवी फार सावकाश. घट बंद-चालू करताना हायड्रोजनच्या बाजूला हवा शिरलेली असेल, तर ऑक्सिजनच्या बाजूचा विद्युतअग्र काही क्षण १.५ व्होल्टच्या आसपास जातो आणि तेव्हा कार्बन झपाट्याने नाहीसा होतो. पायाखालची जागाच गेल्यावर प्लॅटिनमचे कण सुटतात, एकत्र येतात. 'झिजणे' म्हणावे तर घासणे डोळ्यांपुढे येते. पाठ्यपुस्तकातला 'क्षरण' हाच शब्द ठेवा.

'टिकाऊ'ला मात्र हात लावू नका. हल्ली त्याच्या जागी 'शाश्वत' लिहितात, ते चूक आहे. कापड टिकाऊ असते तसाच हा धारक, आम्लात आणि वाढलेल्या व्होल्टेजमध्ये तग धरणारा.

प्रश्नकर्ती
वाक्य बदलले: 'कार्बनच्या धारकाचे क्षरण होते, म्हणून ग्राफाइटसारखी घडण दिलेला कार्बन किंवा नायोबियममिश्रित टायटॅनियम ऑक्साइड असे अधिक टिकाऊ उत्प्रेरकधारक शोधले जात आहेत.' पहिल्या उल्लेखाला 'सपोर्ट' हा शब्दही देवनागरीत शेजारी ठेवते.