डार्क सोल्सचे तीन भाग : कोणत्या भागाने तुमची कोणती परीक्षा घेतली?

सोलापुरात डार्क सोल्स ही व्हिडिओ गेमची मालिका खेळणारे थोडेच आहेत, परंतु जे खेळतात ते मनापासून खेळतात, आणि दोघे भेटले की तीन भागांपैकी सर्वांत कठीण कोणता आणि सर्वांत चांगला कोणता, हा वाद ठरलेलाच असतो. या वादात क्रमवारी लावली जाते, पण तो क्रम का लावला हे सांगायचे राहून जाते. म्हणून हा धागा काढत आहे. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने पहिला भाग २०११ मध्ये, दुसरा २०१४ मध्ये आणि तिसरा २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. आपण यांपैकी जो भाग खेळला असेल, त्याने आपल्याकडून नेमके काय मागितले हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

माझे मत प्रथम मांडतो. तिन्ही भाग कठीण आहेत, पण त्यांनी कठीणपणा वेगवेगळ्या ठिकाणी ठेवला आहे. पहिल्याने तो वाटेत ठेवला, दुसऱ्याने साधनांच्या काटकसरीत आणि तिसऱ्याने समोर उभ्या असलेल्या बॉसच्या, म्हणजे टप्प्याटप्प्यावरील मोठ्या शत्रूच्या, वेगात. हे लक्षात घेतले नाही तर एका भागाच्या सवयी दुसऱ्यात घेऊन जाणारा खेळाडू त्या भागावर अन्याय करतो, आणि दुसऱ्या भागाला मिळणाऱ्या नापसंतीचा मोठा वाटा मला या अन्यायाचाच दिसतो.

पहिल्या भागातील लॉर्ड्रान ही भूमी एकसंध रचलेली आहे. अनोर लोंडो ही देवांची नगरी जिंकून लॉर्डव्हेसल हे पात्र मिळेपर्यंत एका बॉनफायरवरून (विसाव्याच्या शेकोटीवरून) दुसऱ्यावर क्षणात जाण्याची सोय नाही. जितके खाली उतराल तितके पायी वर यावे लागते. त्यामुळे जाग आणणाऱ्या दोन घंटांपैकी दुसरी वाजवण्यासाठी ब्लाइटटाउनच्या विषारी दलदलीत उतरणारा खेळाडू, तेथील राक्षसापेक्षाही, आपण घरापासून किती दूर आलो आहोत या जाणिवेने घाबरतो. उलट अनडेड पॅरिशच्या चर्चमधील लिफ्टने खाली आल्यावर आपण पुन्हा फायरलिंक श्राइन या सुरुवातीच्या मुक्कामापाशीच उभे आहोत हे कळते, तेव्हा जो आनंद होतो तो मला कोणत्याही बॉसला हरवून मिळालेला नाही. नकाशा हातात न देता जागा पाठ करून घेण्याचे हे काम पुढच्या दोन्ही भागांनी सोडून दिले, कारण त्यांत पहिल्यापासूनच हव्या त्या बॉनफायरवर जाता येते.

होटगी रस्ता, संगणक दुरुस्तीचा व्यवसाय

वाटेविषयी धागाकर्त्यांनी लिहिले आहे ते मला पूर्ण मान्य आहे, परंतु ते पहिल्या भागाच्या पूर्वार्धालाच लागू पडते. अनोर लोंडोमध्ये ऑर्नस्टाइन आणि स्मो या जोडीला हरवल्यानंतर खेळाची घडण सैल होते. लॉस्ट इझलिथ हा प्रदेश अपुरा वाटतो, आणि तेथील बेड ऑफ केऑस या बॉसशी लढताना कौशल्यापेक्षा उड्या नीट पडण्यावर सारे अवलंबून राहते. निर्मितीचे प्रमुख हिदेताका मियाझाकी यांनीही त्या भागाबद्दल नाराजी व्यक्त केली आहे. ज्या खेळाने पूर्वार्धात प्रत्येक मृत्यूचे कारण आपल्यालाच शोधायला लावले, त्याच खेळात पुढे असे मृत्यू येतात की ज्यांतून शिकण्यासारखे काही नसते, याचे मला आजही वाईट वाटते.

तांत्रिक बाजूही नोंदवणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांनी हा खेळ कन्सोलवर नव्हे तर संगणकावर पाहिला. २०१२ साली आलेली संगणकावरील आवृत्ती सेकंदाला ३० फ्रेम्सवर अडकवलेली होती, चित्राची स्पष्टता कमी होती आणि माउस व कीबोर्डने ती खेळणे जवळजवळ अशक्य होते. डीएसफिक्स हा चाहत्याने तयार केलेला सुधार बसवल्याशिवाय मी तो खेळ कोणाच्याही संगणकावर चालू करून देत नसे. २०१८ च्या रीमास्टर्ड, म्हणजे सुधारून पुन्हा काढलेल्या, आवृत्तीत हे दोष बहुतांशी दूर झाले. ज्यांनी जुन्या आवृत्तीवरून पहिल्या भागाला नाकारले असेल, त्यांनी कंट्रोलर घेऊन नवी आवृत्ती जरूर पाहावी.

अक्कलकोट रस्ता, टॉवेल उत्पादक कुटुंब

मी दुसऱ्या भागाच्या बाजूने लिहीत आहे. आमच्या कारखान्याचे काम दोन पाळ्यांत चालते, घरात माणसे भरपूर आहेत, आणि या मालिकेतील खेळ मध्येच थांबवून ठेवता येत नाहीत. आईने हाक मारली की शत्रू थांबत नाही. त्यामुळे मला थोड्या वेळात थोडीशी प्रगती करून सुरक्षित जागी बसता येईल असा खेळ हवा होता, आणि दुसरा भाग मला त्या दृष्टीने सर्वांत समजूतदार वाटला.

त्याचे नियम कठोर आहेत हे खरे. प्रत्येक मृत्यूनंतर आपले कमाल आयुष्य, म्हणजे मार सोसण्याची क्षमता, थोडेथोडे घटते आणि शेवटी निम्म्यावर येते. ह्यूमन एफिजी ही वस्तू खर्च केल्यावरच ते पूर्ववत होते. सुरुवातीला एस्टस या आयुष्य भरून काढणाऱ्या पेयाचा एकच घोट मिळतो, आणि पहिल्या भागाप्रमाणे तो पटकन पिता येत नाही. परंतु त्याच वेळी आयुष्य भरून काढणारे लाइफजेम विकत घेता येतात, हाइड्स टॉवर ऑफ फ्लेममधील रिंग ऑफ बाइंडिंग घातली की आयुष्याची घट तीन चतुर्थांशावर थांबते, आणि एकाच वाटेवरचे शत्रू ठरावीक वेळा मारल्यावर पुन्हा येतच नाहीत. म्हणजे जो हातात नेहमी चपळ नाही, पण हिशेबात पक्का आहे, त्याच्यासाठी पुढे जाण्याचा रस्ता खुला ठेवलेला आहे. उधारी आणि साठा सांभाळणाऱ्या घरात वाढलेल्या मला हा विचार ताबडतोब पटला.

एक गोष्ट मात्र खेळाने अतिशय वाईट रीतीने लपवली आहे. लोळून वार चुकवताना जो सुरक्षित क्षण मिळतो, तो दुसऱ्या भागात अॅडॅप्टॅबिलिटी या गुणावर अवलंबून असतो. त्यात गुंतवणूक केली नाही तर वार चुकवला असे डोळ्यांना दिसते आणि तरीही तो लागतो. अॅजिलिटी हा आकडा १०५ च्या आसपास नेला की पहिल्या भागाइतका विश्वास परत येतो. हे खेळात कुठेही स्पष्ट सांगितलेले नाही. मला वाटते की दुसरा भाग अर्धवट सोडणाऱ्यांपैकी कितीतरी जण केवळ या एका न सांगितलेल्या नियमामुळे गेले असतील.

अर्दन पीक या पवनचक्कीच्या माथ्यावरून लिफ्टने आणखी वर जावे, आणि तिथे लाव्हाच्या तळ्यात उभा असलेला आयर्न कीप हा किल्ला लागावा, या विसंगतीवर जी टीका होते ती योग्यच आहे. तेथे पहिल्या भागाची आठवण हमखास येते. पण माजुला या मुक्कामाच्या गावी समुद्रकाठी प्रत्येक फेरीनंतर परत यावे आणि शांतपणे पुढचा बेत ठरवावा, यातले समाधान मला दुसरीकडे कुठे मिळाले नाही.

विजापूर रस्ता, माध्यमिक शिक्षिका

मी लढाईत फारशी तरबेज नाही, आणि बॉसच्या आधी मला कोणाची ना कोणाची मदत घ्यावी लागते. तरीही तिन्ही भाग पूर्ण केले, ते वाचण्यासाठी. या मालिकेत कथा कोणी सांगत नाही. अंगठी, ढाल, तलवार यांच्या चार-दोन ओळींच्या वर्णनांतून ती आपण जुळवायची असते. पहिल्या भागात आर्टोरियास या शूर सरदाराची कीर्ती आपण आधी ऐकतो, त्याच्या थडग्याची राखण करणाऱ्या सिफ या लांडग्याशी नाइलाजाने लढतो, आणि पुढे जोडभागात (मूळ खेळाला नंतर जोडलेल्या भागात) त्या सरदाराची खरी अवस्था पाहतो. ही रचना मला अत्यंत परिपक्व वाटते.

तरीही माझ्या मनात घर करून राहिला तो दुसरा भाग. संपूर्ण खेळभर आपण राजा व्हेंड्रिकचा शोध घेत असतो. त्याचा अंगरक्षक व्हेल्स्टाट याला हरवून पुढच्या दालनात जावे, तर राजा अंगावरची वस्त्रे बाजूला ठेवून, तलवार फरफटत, स्वतःभोवतीच गोल फिरत असतो. तो आपल्याकडे पाहतही नाही. मिर्रा देशाची योद्धा ल्युकाटिएल प्रत्येक भेटीत थोडे अधिक विसरलेली असते, आणि शेवटी आपल्याकडे एवढेच मागते की माझे नाव लक्षात ठेवा. आमच्या घरी आजोबांचा विस्मृतीचा आजार आम्ही काही वर्षे पाहिला. त्यामुळे मरणापेक्षा विसरण्याची भीती मोठी असू शकते, हे मांडणारा खेळ माझ्यासाठी निव्वळ करमणूक राहिला नाही. पहिल्या आणि तिसऱ्या भागात देव आणि राजे पडतात. दुसऱ्यात माणसे हळूहळू पुसली जातात. ज्यांना हा भाग कोरडा वाटला, त्यांनी ल्युकाटिएलला तीन बॉसच्या लढायांत सोबत घ्यावे आणि ती जिवंत राहील याची काळजी घ्यावी, म्हणजे शेवटच्या भेटीत ती आपल्या हातात काय ठेवते ते समजेल.

जुळे सोलापूर, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

माझा क्रम उलटा आहे. मी फ्रॉमसॉफ्टवेअरच्याच २०२२ च्या एल्डन रिंग या खेळापासून सुरुवात केली, नंतर तिसरा भाग खेळलो आणि सगळ्यांत शेवटी पहिला. एल्डन रिंगमध्ये घोडा आहे, हवी तेव्हा उडी मारता येते, आणि अनेक ठिकाणी मृत्यूनंतर बॉसच्या दारातच पुन्हा उभे राहता येते. तिसऱ्या भागात या सोयी नसल्या तरी वेग ओळखीचा वाटला, म्हणून तो मला लवकर जमला. पहिल्या भागात शत्रूवर नजर रोखल्यावर फक्त चारच दिशांना लोळता येते, हे कळल्यावर मला पहिले काही दिवस फार जड गेले.

तिसऱ्या भागातील बॉस हे या मालिकेचे शिखर आहेत असे माझे ठाम मत आहे. नेमलेस किंग तलवार-भाला उगारून क्षणभर तसाच थांबतो, आणि घाईने लोळणाऱ्याला नेमका त्या थांबण्यातच पकडतो. सिस्टर फ्रीडा दोनदा पडते आणि दोन्ही वेळा उठते, त्यामुळे विजयाची खूण दिसत नाही तोवर खांदे सैल सोडायचे नाहीत, हे ती शिकवते. रिंग्ड सिटी या जोडभागाच्या शेवटी राखेच्या मैदानात स्लेव्ह नाइट गेल याच्याशी होणारी लढाई तर तिन्ही भागांचा समारोपच आहे. पहिल्या भागात ज्या अग्नीसाठी एवढा संघर्ष झाला, त्याच्या पलीकडे काय उरते ते तिथे दिसते. येथे ढालीमागे उभे राहून निभत नाही, अंगावर जाऊनच शिकावे लागते. वाटेचे कोडे तिसऱ्या भागात नाही हे मान्य आहे, पण त्याऐवजी समोरच्याची लय ओळखण्याचे जे शिक्षण मिळते ते कमी प्रतीचे मानू नये.

सोलापूरचा पूर्व भाग, दोन भावांपैकी धाकटा

आमच्या घरात तेलुगू बोलली जाते आणि खेळताना मराठी, कारण दादाचे खेळातले सगळे मित्र मराठी होते. दादा नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हापासून आम्ही हे खेळ एकत्र खेळण्यासाठीच खेळलो. त्यामुळे माझ्या दृष्टीने तीन भागांची तुलना एकाच प्रश्नावर होते : दोन माणसांना एकमेकांपर्यंत पोहोचू देण्याची त्यांची तयारी किती?

दुसऱ्या भागात सोल मेमरी नावाची व्यवस्था आहे. खेळाडूने शत्रू मारून आजवर मिळवलेल्या एकूण सोल्सचा (खेळातील चलनाचा) आकडा, हरवलेल्या सोल्ससह, कायम वाढत जातो, आणि जवळजवळच्या आकड्यांचे खेळाडूच एकमेकांना दिसतात. दादाला रात्री मोकळा वेळ असे, मला परीक्षा असत. तो पुढे गेला आणि मदतीला बोलावण्यासाठी जमिनीवर उमटणारी त्याची खूण मला दिसेनाशी झाली. दोघांनी नेम-एन्ग्रेव्ह्ड रिंग घालून एकच देव निवडला की मर्यादा थोडी सैल होते, पण प्रश्न सुटत नाही. तिसऱ्या भागात मात्र दोघांनी एकच परवलीचा शब्द टाकला की भेट होते, आणि जो पुढे गेलेला आहे त्याची ताकद खेळ स्वतःहून कमी करतो. पहिल्या भागाच्या रीमास्टर्ड आवृत्तीतही परवलीच्या शब्दाची सोय आली आहे.

अनोळखी लोकांनी बर्फाळ चढावर अडकलेल्या गाड्या एकमेकांना ढकलून वर नेल्या आणि आभार मानण्याआधीच निघून गेले, या अनुभवातून ही मदतीची कल्पना सुचली असे मियाझाकींनी सांगितले आहे. ती कल्पना मोठी आहे. पण सख्ख्या भावाला शोधणाऱ्यांसाठी पहिल्या दोन भागांनी ती फार अवघड केली होती. जानेवारी २०२२ मध्ये सुरक्षेतील गंभीर त्रुटीमुळे तिन्ही भागांचे संगणकावरील सर्व्हर बंद झाले, तेव्हा आमच्या भेटी काही महिने थांबल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिसऱ्या भागाचे सर्व्हर परत आले, त्यानंतर इतरही आले. पण २०१२ ची जुनी आवृत्ती कायमची एकटी पडली. जोडीने खेळायचे असेल तर तिच्यावर पैसे घालू नयेत.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. अक्कलकोट रस्त्यावरील मित्रांचे काटकसरीविषयीचे लिखाण आणि ताईंचे व्हेंड्रिकवरील निरीक्षण वाचून दुसरा भाग पुन्हा काढण्याची इच्छा झाली आहे. विद्यार्थी मित्राच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. तिसऱ्या भागात वाटेचे कोडे नसेल, पण तिथे फायरलिंक श्राइन पुन्हा एकदा, उजेड आणि जवळजवळ सगळी माणसे काढून घेतलेल्या अनटेंडेड ग्रेव्ह्जच्या रूपात भेटते. ओळखीच्या जागेत अंधारात चालताना पाऊल आपोआप मंदावते. लढाईइतकेच तेही या भागाचे बलस्थान आहे, आणि ज्याने आधी जागा पाठ करण्याची सवय लावून घेतली त्यालाच त्याची पूर्ण धार कळते.

निरोपातून एका वाचकाने विचारले आहे की धाकट्या बहिणीला सुरुवात कोणत्या भागाने करू द्यावी. पहिल्याच्या रीमास्टर्ड आवृत्तीने करावी. तिसऱ्याच्या वेगाची सवय झाल्यावर मागे जाणे जड जाते हे वर आलेच आहे, आणि तिसऱ्यात अनोर लोंडो परत दिसते तेव्हा ते ओळखण्यासाठी पहिला भाग खेळलेला असावा लागतो. फायरलिंकपासून स्मशानाच्या बाजूला न जाता चढाच्या वाटेने अनडेड बर्गकडे जायचे, इतकेच तिला सांगावे. पहिली घंटा वाजेपर्यंत मार्गदर्शक व्हिडिओ दाखवू नयेत. ब्लाइटटाउनला उतरण्यापूर्वी मात्र विषावरचे मॉस (औषधी शेवाळ) भरपूर विकत घेऊन ठेवायला सांगावे, कारण तिथून दुकानापर्यंत परत येण्याची वाट लांब आहे.