मदत हवी आहे : महात्मा फुले यांच्या स्मरणार्थ घनवन, लागवड कधी आणि कशी करावी?

नमस्कार मंडळी,

पुण्यातील आमच्या सोसायटीमागे सुमारे 2 गुंठे मोकळी जागा असून, तेथे मियावाकी पद्धतीने (म्हणजे रोपे अगदी जवळजवळ लावून दाट जंगल वाढविण्याच्या जपानी पद्धतीने) देशी झाडांचे घनवन उभारून ते महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने जोपासावे, असे आम्ही ठरविले आहे. 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करणाऱ्या आणि पावसाचे पाणी बांध घालून जमिनीत मुरविण्याचा आग्रह धरणाऱ्या या माणसाला पुतळ्यापेक्षा झाडे अधिक शोभतील, असे मला मनापासून वाटते.

पहिली अडचण तारखेची आहे. काही सभासदांना 28 नोव्हेंबर या स्मृतिदिनीच लागवड हवी आहे. परंतु तेव्हा पाऊस संपलेला असतो. जून-जुलैमध्ये रोपे लावून स्मृतिदिनी केवळ अभिवादन करावे, हे त्यांना कसे पटवून द्यावे?

दुसरी अडचण मातीची. पहारीने खणताच वीतभर मातीखाली कडक मुरूम लागतो आणि चाचणीसाठी घेतलेल्या खड्ड्यात ओतलेले पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच साचलेले होते. दर चौरस मीटरला 3 रोपे धरली, तर सुमारे 600 रोपे लागतील. अशा जमिनीत मीटरभर खोदून शेणखत व भाताचे तूस मिसळणे पुरेसे होईल का, की रोपे विरळ लावावीत? करंज, बहावा, आपटा, कांचन, शिवण, अडुळसा आणि निर्गुडी ही निवड योग्य आहे का? ज्यांनी स्वतः असे वन किमान दोन उन्हाळे जगविले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.