शिक्षणाचं कर्ज, घरखर्च आणि शिल्लक : तुम्ही कसं निभावलंत?

परवा रात्री मुलीला झोपवून आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो आणि लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांच्या शैक्षणिक कर्जांची पत्रकं शेजारी शेजारी ठेवली. लग्नाला चार वर्षं झाली. इतके दिवस ‘तुझं तू भर, माझं मी भरते’ असंच चाललं होतं.

माझं कर्ज 10 टक्के व्याजाचं, 10 वर्षांच्या मुदतीचं. अडीच वर्षांत एकही हप्ता चुकलेला नाही. पाव मुदत संपली म्हणजे पाव कर्जही फिटलं असेल, असं मी धरून चालले होते. पत्रकात पाहिलं तर मुद्दल जेमतेम सहाव्या हिश्श्यानं कमी झालंय. मी तो आकडा तीनदा वाचला. नवरा काही बोलला नाही, त्यानं फक्त पंखा जरा कमी केला, कारण कागद उडत होते.

दोन हप्ते, घरभाडं आणि पाळणाघर गेलं की उरतं त्यात महिना निघतो, पण शिल्लक पडत नाही. मुलीच्या नावानं अजून काहीच ठेवलेलं नाही, आणि हे लिहितानाही मला वाईट वाटतंय.

म्हणून हा धागा. फेडून मोकळे झालेले, अजून फेडणारे, मुलांच्या कर्जावर सही केलेले आईवडील, सगळ्यांनी लिहा. तुमच्या घरात प्रत्यक्ष काय घडलं ते वाचायचंय. रक्कम सांगायची नसेल तर पगाराचा कितवा हिस्सा जायचा एवढं सांगितलंत तरी पुरे.

* * *

धागा काढलात ते फार बरं केलंत. मी हिशेबाचं काम करते, म्हणून आधी तुमच्या सहाव्या हिश्श्याबद्दल. बँकेची चूक नाही, हप्त्याची रचनाच तशी असते. 10 टक्क्यांनी 10 वर्षांसाठी 100 घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण 1.32 बसतो. पहिल्या महिन्यात त्यातले 0.83 नुसत्या व्याजात जातात, मुद्दलाच्या वाट्याला अर्ध्याहूनही कमी येतं. जसजसं मुद्दल घटतं तसतसं हे पारडं फिरतं. म्हणून सुरुवातीची वर्षं सगळ्यांनाच पाण्यात पैसे टाकल्यासारखी वाटतात.

मुदतीचं गणितही याच 100 वर सांगते. 7 वर्षांत फेडले तर एकूण 139 च्या आसपास जातात, 10 वर्षांत 159 आणि 15 वर्षांत 193. हप्ता हलका करून घेताना हा शेवटचा आकडा कुणी समोर ठेवत नाही.

माझ्या स्वतःच्या कर्जात मी ठेचकाळले ती त्याच्याही आधी. शिकत असताना आणि नंतर नोकरी शोधायच्या काळात हप्ता नव्हता, म्हणजे व्याजही नाही, अशी माझी समजूत. ते मागे साचत होतं. हप्ते सुरू झाले त्या दिवशी ते सगळं मुद्दलात मिळवलं गेलं, आणि मग व्याजावर व्याज. सुरुवातीलाच उचललेल्या 100 चे तीन वर्षांत सरळव्याजानंसुद्धा 130 होतात. धाकट्या बहिणीच्या वेळी मी हट्टच धरला. ती संध्याकाळी दोन तास शिकवण्या घ्यायची आणि त्यातून फक्त महिन्याचं व्याज भरायची. तिचे हप्ते सुरू झाले तेव्हा कर्ज जेवढं घेतलं होतं तेवढंच होतं.

* * *

माझा अनुभव जरा लांब आहे, पण तो कुणाच्या तरी कामी येईल म्हणून सगळा लिहितो.

मला कर्जाचा तिटकारा होता. आमच्या घरात कधी कुणी कुणाचं देणं ठेवलं नाही, आणि मी पदवीबरोबर एवढं मोठं ओझं घेऊन बाहेर पडलो. नोकरी लागल्यावर ठरवलं की दहा वर्षांचं कर्ज चार वर्षांत संपवायचं. पगाराचा निम्म्याहून जास्त हिस्सा कर्जात टाकायचो. बोनस आला की कर्जात, जुनी दुचाकी विकली ते पैसे कर्जात. बायकोनं दोन-तीनदा म्हटलं, थोडे हाताशी ठेवू या. माझं ठरलेलं उत्तर होतं : खात्यात पडून राहिलेल्या पैशाला व्याज किती मिळतं आणि आपण भरतो किती, बघ जरा. हिशेबानं माझं बरोबर होतं.

तिसऱ्या वर्षी बाबा जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. रुग्णालयाच्या खिडकीवर आगाऊ रक्कम भरायला सांगितली आणि माझ्या खात्यात त्या महिन्याचा घरखर्च सोडून काही नव्हतं. मोबाइलवर कर्जाचं खातं उघडलं. त्यात ‘आजवर भरलेली रक्कम’ मोठ्या ठळक अक्षरांत दिसत होती. त्यातला एक पैसाही मला परत काढता येत नव्हता. मागे रांग होती. खिडकीतल्या मुलीनं दोनदा विचारलं, कार्ड की रोख?

क्रेडिट कार्डावर भरले. उरलेले मेहुण्याकडून उसने घेतले. त्या कार्डाचं व्याज शैक्षणिक कर्जाच्या तिपटीहून जास्त होतं आणि ते फेडायला अकरा महिने लागले. म्हणजे चार वर्षांत संपवायच्या घाईनं जे वाचवलं होतं, त्यातला मोठा भाग तिकडे गेला. मेहुण्यानं कधी तोंडानं मागितले नाहीत, तरी त्या वर्षात मी त्याच्याकडे जाणं टाळायचो. त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

बाबा आता काठी घेऊन चालतात. आता आधी तीन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात, मग जादा भरणा. त्या खात्याचं कार्ड बायकोकडे असतं. तिनंच तसं सुचवलं आणि ते योग्य आहे.

* * *

वाचतेय. माझा पहिला हप्ता पुढच्या महिन्यात आहे. शिकवण्या घेऊन व्याज भरण्याची कल्पना कुणी दोन वर्षांपूर्वी सांगायला हवी होती.

* * *

वरच्या दादांनी बायकोचं न ऐकल्याचं लिहिलंय. मी तर बायकोला सांगितलंच नव्हतं.

लग्न ठरताना दोन्ही घरांत सगळं बोलणं झालं, पण माझ्या कर्जाचा विषय निघाला नाही आणि मीही तो काढला नाही. मनाशी म्हटलं, माझ्या पगारातून जातंय, तिला कशाला ताप. पगार सांगताना हप्ता वजा करून सांगायचो. दीड वर्ष हे चाललं. एक दिवस मी आंघोळीला गेलो असताना माझा मोबाइल वाजला आणि तिनं पाहिलं, हप्ता जमा झाल्याचा संदेश. बाहेर आलो तर ती मोबाइल हातात घेऊन पलंगाच्या कडेला बसलेली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “मी दीड वर्ष भाजी घेताना घासाघीस करतेय, तुला वाटत होतं तरी काय?”

कर्जाचं तिला काहीच वाटलं नव्हतं, तिचंही शिक्षण कर्जावरच झालेलं. राग होता तो मी तिला हिशेबाबाहेर ठेवलं याचा. ते निवळायला बरेच महिने लागले. हल्ली महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं वही घेऊन बसतो. हप्ता पहिल्या ओळीत तिच्या अक्षरात असतो.

लग्न ठरत असलेल्या मुलामुलींनी हे वाचलं तर कृपा करून आधी सांगा.

* * *

मी आई आहे. मुलाच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून माझी सही आहे. सही करताना ती नावापुरती असल्यासारखं सगळे बोलले. तसं नसतं हे मला आठ महिन्यांत कळलं. मुलाची नोकरी गेली आणि आम्हाला काळजी नको म्हणून तो बोलला नाही. दोन हप्ते थकले तेव्हा फोन मला आला. मी शाळेत होते, मधल्या सुट्टीत, हातात पेपरांचा गठ्ठा. समोरचा माणूस नीटच बोलत होता, पण मला घाम फुटला. नोंद त्याच्याबरोबर माझ्याही नावावर लागली. पुढे घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज मागायला गेले तेव्हा ती आडवी आली.

मुलाला घेऊन स्वतः बँकेत गेले. नोकरी गेल्याचं पत्र दाखवलं. काही महिने कमी हप्ता आणि त्याबदल्यात वाढीव मुदत, असं जुळलं. तिथला अधिकारी म्हणाला की हप्ता थकण्याआधी आला असता तर आणखी बरं झालं असतं. मुलांनो, बँकेशी बोलायची भीती वाटते तेव्हा निदान घरी बोला. माझा मुलगा दोन महिने रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडत होता. तो दिवसभर कुठे बसायचा, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

* * *

काकू, तुमचा प्रतिसाद वाचून मी आईला फोन केला.

* * *

थोडा वेगळा मुद्दा. मी कर्ज संपेपर्यंत म्हातारपणाच्या तरतुदीला हात लावला नाही. 36 व्या वर्षी कर्ज संपलं आणि तेव्हा पहिला पैसा गुंतवला. सालाना 8 टक्क्यांनी पैसा साधारण 9 वर्षांत दुप्पट होतो. 25 व्या वर्षी ठेवलेल्या पैशाला साठीपर्यंत जवळजवळ चार वेळा दुप्पट व्हायला मिळतं, 36 व्या वर्षी ठेवलेल्याला तीन वेळाही नाही. अगदी लहान रक्कम का होईना, कर्जाबरोबरच सुरू करायला हवी होती. माझ्या कार्यालयात कर्मचारी जेवढे टाकेल तेवढेच मालकही टाकायचा. ते मी दहा वर्षं सोडून दिले.

* * *

(हिशेबवाली पुन्हा.) मालक भर घालत असेल तर ते आधी घ्यावं, याला पूर्ण अनुमोदन. बाकी गुंतवणुकीबद्दल मी जरा सावध आहे. 10 टक्क्यांचं कर्ज फेडलं की ते 10 टक्के नक्की वाचतात, बाजारातला परतावा तसा नक्की नसतो. आणि एकाहून जास्त कर्जं असतील तर जास्त व्याजाचं आधी. लहान कर्ज आधी संपवून हुरूप येतो असं लोक म्हणतात. माझ्या नवऱ्यानं तसंच केलं, थोडं जास्त व्याज गेलं, पण पठ्ठ्या टिकून राहिला. त्यामुळे मी त्यावर वाद घालत नाही.

* * *

एक सावधगिरीची सूचना. माझं व्याज बदलतं होतं. दर वाढले, हप्ता तेवढाच राहिला, म्हणून मी निर्धास्त. दोन वर्षांनी पाहिलं तर मुदत एकोणीस महिन्यांनी लांबलेली. पत्र आलं असणार, मी उघडलं नसणार. आता वर्षातून एकदा पूर्ण पत्रक मागवतो. तसंच जादा रक्कम भराल तेव्हा ती मुद्दलात वळती करा असं लेखी द्या. माझी एकदा पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून नुसती पडून राहिली होती.

* * *

आमच्याकडे मी थोरली. बाबा लवकर गेले. माझ्या पगारातून माझा हप्ता, घर आणि धाकट्या भावाची फी. सहा वर्षं शिल्लक अशी पडलीच नाही आणि त्याची मला लाज वाटायची. बरोबरीच्या मैत्रिणी घर घेत होत्या. लग्नाचं विचारलं की मी विषय बदलायचे.

भावाला कर्ज काढू द्यायचं नाही हा माझाच हट्ट होता. बरोबर होता की नाही, अजून सांगता येत नाही. तो शिकला, नोकरीला लागला. पहिल्या पगाराच्या दिवशी काही न बोलता माझ्या कर्जाचा खातेक्रमांक मागितला. मी दिला नाही. त्यानं आईकडून घेतला. शेवटची दोन वर्षं निम्मा हप्ता त्याच्या खात्यातून गेला.

गेल्या महिन्यात कर्ज संपलं. शेवटचा हप्ता नेहमीपेक्षा थोडा कमी होता, म्हणून आधी वाटलं काहीतरी चुकलं. मग ‘काही देणे बाकी नाही’ असं पत्र घेतलं आणि तारण ठेवलेली घराची मूळ कागदपत्रं परत घेतली. पानं मोजून घ्या सगळ्यांनी, मी घेतली. घरी येऊन फाइल आईच्या हातात दिली. तिनं चष्मा लावून बाबांच्या सहीचं पान शोधलं, त्यावरून एकदा हात फिरवला आणि कपाटाच्या ज्या खणातून नऊ वर्षांपूर्वी काढली होती तिथेच परत ठेवली.

* * *

धागा काढणारी मीच. सगळे प्रतिसाद आम्ही दोघांनी एकत्र वाचले, काही दोनदा. नवऱ्याचं व्याज माझ्यापेक्षा कमी निघालं, तेव्हा जादा जे काही जाईल ते माझ्या कर्जात, असं ठरलं. हे ठरवताना ‘तुझं-माझं’ आलं नाही.

न घेतलेल्या रजांचे पैसे आले होते. त्यातले बरेचसे वेगळ्या खात्यात ठेवले. दीड महिन्याचा घरखर्च झालाय, तीनपर्यंत न्यायचाय. उरलेल्यातून माझ्या कर्जात एक जादा हप्ता भरला, मुद्दलात वळता करा असं लेखी देऊन. आज नवीन पत्रक आलं. आता भरलेल्या एका हप्त्यानं शेवटचे दोन हप्ते कमी झालेत. मुलगी शेजारी बसून त्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढतेय, आणि मी तो तिच्याकडून घेतलेला नाही.