स्वतःच्या कारवर कंपनीची जाहिरात लावून पैसे मिळतात का?

प्रश्न (लातूर) : मी औसा तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असून लातूरहून रोज स्वतःच्या कारने ये-जा करतो. एका शीतपेयाची जाहिरात गाडीच्या दारांवर लावू दिल्यास दरमहा १२,००० रुपये मिळतील, असा संदेश मला व्हॉट्सॲपवर आला आहे. मात्र त्यापूर्वी २,५०० रुपये अनामत भरून आरसी आणि आधार कार्डाचे फोटो पाठवावेत, असे ते सांगतात. गाडीचा हप्ता चालू असल्यामुळे या रकमेचा मला आधार होईल. हा व्यवहार खरा असेल का?

उत्तर (नांदेड) : सर, कृपया अनामत भरू नका आणि कागदपत्रेही पाठवू नका. गाड्यांवर जाहिरात लावण्याचा व्यवसाय खरा आहे आणि शहरांतील रिक्षा-टॅक्सींवर तो चालतोही. पण त्यात गाडी कोणत्या भागात आणि किती फिरते हे पाहून दर ठरतो, स्टिकरचा खर्च जाहिरातदार करतो आणि गाडीमालकाकडून आगाऊ पैसे घेण्याचे त्याला काही कारणच नसते. आपला रस्ताही न विचारता १२,००० रुपये कबूल करणाऱ्याचा डोळा त्या २,५०० रुपयांवरच असावा, असे मला वाटते. अमेरिकेत तर आधी मोठ्या रकमेचा धनादेश पाठवायचा, त्यातील काही रक्कम ‘स्टिकर लावणाऱ्याला’ पाठवायला सांगायची आणि नंतर तो धनादेश बनावट निघायचा, अशी फसवणूक इतकी झाली की तेथील फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेला लोकांना सावध करावे लागले. आपल्याकडे हेच काम यूपीआयवरून होते. पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, एवढे पक्के लक्षात ठेवावे. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

उत्तर (जालना) : माझे रेडियमचे दुकान आहे. प्रस्ताव खरा निघाला तरी स्टिकर काढण्याचा खर्च कोणाचा, हे करारात लिहून घ्या, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात हलक्या प्रतीचे व्हिनाइल तापून पत्र्याला घट्ट चिकटते आणि दार पूर्वी रंगवलेले असेल तर काढताना रंगही निघून येऊ शकतो. काचा, दिवे आणि नंबर प्लेट मोकळी ठेवा. संपूर्ण गाडी झाकणार असाल तर आधी आरटीओत विचारा, कारण आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो.

उत्तर (परभणी) : एक मुद्दा राहिला. आपण जिल्हा परिषदेचे कर्मचारी असल्याने आपल्याला १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि खासगी व्यवसायाबाबत त्यांत बंधने आहेत. गाडीवर जाहिरात लावून नियमित मोबदला घेणे त्यात बसते की नाही, यावर स्वतःच तर्क करण्यापेक्षा गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत लेखी अर्ज करून परवानगी मागावी. विमा कंपनीलाही ईमेलने कळवून उत्तर जपून ठेवावे, म्हणजे अपघातानंतर दाव्याच्या वेळी गाडीच्या वापरावरून वाद उद्भवणार नाही.