मांजर सतत अंगाला का बिलगतं, आणि मग चावतं का?

खिडकीतली_खुर्ची
दोन वर्षांची देशी मांजरी, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, फ्लॅटमध्येच असते. नाशिकला सध्या थंडी आहे. रात्री पांघरुणात शिरून गुडघ्यामागे किंवा थेट छातीवर झोपते. कुणी बाहेरून आलं की आधी पायांना, मग पिशव्यांना गाल घासते. मांडीवर बसली की पुढचे पाय आळीपाळीने दाबत राहते, नखं रुततात. कुरवाळायला लागलं की दोन-तीन मिनिटांत तोच हात चावते. घरात एकाचं म्हणणं, "तिला फक्त ऊब हवी असते, प्रेमबिम काही नाही." खरं काय?

मिशाळ
सगळ्याला एकच कारण लावू नका. रात्रीचं बिलगणं बरंचसं उबेसाठीच असतं. मांजराच्या शरीराचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस. ते राखायला जादा ऊर्जा खर्च होऊ नये, तर भोवताली साधारण ३० ते ३८ अंश लागतात. म्हणजे आपल्याला सुखाची वाटणारी २४ अंशांची खोलीही तिला गारच. नाशिकच्या थंडीबद्दल तर बोलायलाच नको.

पारखून बघायचं तर पलंगाशेजारी, पलंगाइतक्याच उंचीवर पुठ्ठ्याचा खोका ठेवा. तळाशी गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून, वर जुना स्वेटर. उकळतं पाणी नको. गुंडाळलेल्या पिशवीवर मनगटाची आतली बाजू अर्धा मिनिट आरामात टेकवता आली पाहिजे. खोका फरशीवर ठेवला तर प्रयोग फसतो, कारण फरशी गार असते आणि मांजराला उंचावर सुरक्षित वाटतं. दोन-तीन रात्री खोक्यात झोपली तर कारण ऊब. खोका गरम असूनही गुडघ्यामागे आली, किंवा मे महिन्यात पंख्याखालीही बिलगली, तर तिला तुमची सोबतच हवी आहे.

"प्रेमबिम नाही" हे मात्र पटण्यासारखं नाही. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाली यांनी पिल्लांना अनोळखी खोलीत दोन मिनिटं मालकासोबत, दोन मिनिटं एकटं आणि पुन्हा दोन मिनिटं मालकासोबत ठेवून पाहिलं (२०१९). सुमारे ६४ टक्के पिल्लं मालक परत आल्यावर शांत झाली, त्याला भेटून पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. मालक हा त्यांचा आधार होता. गरम पाण्याची पिशवी ते काम करत नाही.

तिसरा_मजला
गाल घासण्याबद्दल. गाल, हनुवटी, कपाळ, ओठांचे कोपरे, शेपटीचं मूळ आणि पंजे, इथे गंधग्रंथी असतात. एकत्र राहणारी मांजरं एकमेकांना अंग घासून सगळ्यांचा मिळून एक वास करतात. तुम्ही बाहेरून परका वास घेऊन येता, ती तो मोडून घरचा वास लावते. पिशव्या त्यातच आल्या. शेपूट उभी करून येत असेल तर ते सरळ मैत्रीचं स्वागत.

दाराच्या चौकटींवर, सोफ्याच्या कोपऱ्यांवर मांजराच्या उंचीला तपकिरी चिकट पट्टा दिसतो तो यातलाच. सगळे पट्टे एकाच दिवशी पुसून काढू नका, काही मांजरं बिथरतात. पुसायचेच तर साबणाच्या पाण्याने. फिनॉल असलेलं फिनाइल मांजराच्या घरात नकोच. मांजराचं यकृत फिनॉलचा नीट निचरा करू शकत नाही आणि पंजे चाटताना ते पोटात जातं.

पाय दाबणं ही दूध पितानाची सवय. पिल्लू आईचं पोट दाबतं, दूध मोकळं सुटतं. मोठेपणी निवांत वाटलं की तेच चालू होतं. रागावू नका, ढकलू नका. मांडीवर चार पदरी टॉवेल घ्या आणि दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोकं कापा. बोटाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येतं. आतला गुलाबी भाग ही रक्तवाहिनी, तिच्यापासून दोन मिलिमीटर अलीकडेच थांबा.

दाबताना लोकर चोखत असेल तर मात्र लक्ष ठेवा. धागा गिळला गेला की आतडी त्यावर चुणून गोळा होतात. तोंडातून किंवा मागून धाग्याचं टोक दिसलं तर ओढू नका, कापूही नका. लगेच व्हेटकडे.

मिशाळ
चावण्याचं राहिलं. मांडीवर येऊन बसणं ही कुरवाळण्याची परवानगी नव्हे. तिला नुसतं टेकून बसायचं असू शकतं.

चाव्याआधी इशारे येतात, फक्त टीव्ही बघताना हात चालू असला की दिसत नाहीत. शेपटीचं टोक फटकारायला लागतं, पाठीची कातडी थरथरते, कान आडवे होतात, घुरघुर अचानक बंद पडते, मान हाताकडे वळते. यातलं पहिलं दिसताच हात बाजूला घ्या.

क्रम असा ठेवा. दोन बोटं तिच्या नाकाच्या उंचीवर, वीतभर अंतरावर धरा. ती पुढे येऊन घासली तर ओठाच्या कोपऱ्यापासून कानाकडे, किंवा हनुवटीखाली, तीन ते पाच सेकंद. मग थांबा. तिने पुन्हा डोकं ढकललं तरच पुढे. पोट आणि शेपटीचं मूळ टाळा. बहुतेक मांजरांना तिथला स्पर्श सर्वांत नकोसा असतो. लोळून पोट दाखवणं हा विश्वास झाला, आमंत्रण नव्हे.

खिडकीतली_खुर्ची
दोघांचेही आभार. पहाटे पाचला तोंडाला गाल घासून, घुरघुरून उठवते. तेही प्रेमच समजायचं का?

दवाखान्याबाहेर
ती न्याहारी मागते आहे. कॅरन मॅककोम्ब यांनी २००९ मध्ये दाखवलं की खाणं मागताना मांजराच्या घुरघुरीत रडण्यासारखा उंच स्वर मिसळलेला असतो, म्हणून ती दुर्लक्षित करणं अवघड जातं. तसंही घुरघुर म्हणजे समाधानच असं धरू नका. दुखत असताना, भेदरल्यावरही मांजरं घुरघुरतात.

उपाय: रात्री साडेदहाला दहा मिनिटं दोरीचं खेळणं, लगेच दिवसाच्या खाण्याचा तिसरा हिस्सा. सकाळी उठल्यावर अर्धा तास वाडग्याला हात लावायचा नाही, म्हणजे तुमचं उठणं आणि खाणं यांची सांगड सुटते. पहिला आठवडा त्रास वाढतो. त्यात एकदाही उठून दिलंत तर "जास्त वेळ ओरडलं की मिळतं" एवढंच ती शिकते.

वरच्या चर्चेत एक गोष्ट सुटली. आधी अलिप्त असलेलं मांजर अचानक चिकटायला लागलं तर स्वभाव बदलला असं समजू नका. ऑपरेशन न झालेली मादी अंग घासते, लोळते, मागचा भाग उचलून ओरडते, तेव्हा ती माजावर आलेली असते. गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. दहा वर्षांपुढच्या मांजरात थायरॉइड वाढणं, रक्तदाब, ऐकू कमी येणं, सांधेदुखी, यातलं काहीही असू शकतं. भूक वाढूनही वजन घटत असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी आधी. वजन घरच्या काट्यावर महिन्यातून एकदा करा, आधी मांजर घेऊन, मग एकट्याने, आणि वजाबाकी. चार किलोच्या मांजरात ४०० ग्रॅमची घट म्हणजे दहा टक्के, तेवढी झाली की वाट न बघता व्हेटकडे. आणि दुखतं असं वाटलं तरी आपली पॅरासिटामॉल देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.